कोंबडी कंपनीची, कर्ज शेतकऱ्याचं

कोविडच्या वर्षात अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांना सढळ हाताने पैसे दिले, असं सगळेच म्हणतात. दिलेच. पण आमच्या डेलावेअर राज्यातल्या ससेक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) ते कुणाला मिळाले आणि कुणाला नाही, हे जवळून पाहिलंय. म्हणून लिहितोय.

ससेक्स म्हणजे ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांचं माहेरघर. 1923 मध्ये इथल्या सेसिल स्टील यांनी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती वाढवून मांसासाठी विकली, तिथून हा धंदा उभा राहिला. आज रस्त्याच्या एका बाजूला कोंबड्यांच्या लांबच लांब शेड आणि दुसऱ्या बाजूला मका-सोयाबीन, हे इथलं नेहमीचं दृश्य.

एप्रिल 2020 मध्ये केंद्रीय कृषी खात्याने 19 अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी. मका, सोयाबीन, गुरं, डुकरं, दूध, सगळं यादीत. ब्रॉयलर नाही! सप्टेंबरात दुसरा टप्पा आला, त्यात ब्रॉयलर आले, पण पैसे पक्ष्याच्या मालकाला. आणि इथले जवळपास सगळे पक्षी कंपनीचे.

गावाकडे करारावर पोल्ट्री असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, गॅस, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट आणि बँकेचं कर्ज शेतकऱ्याचं. लॉट, म्हणजे पक्ष्यांची एक खेप, गेला की वजनावर पैसे, तेही इतर शेतकऱ्यांच्या हिशेबाशी तुलना करून.

2020 च्या वसंतात कोंबड्यांच्या प्रक्रिया कारखान्यांतले कामगार आजारी पडले आणि माणसांअभावी या भागात सुमारे 20 लाख पक्षी शेडमध्येच मारावे लागले. आमच्या ओळखीतल्या एका साठीपुढच्या जोडप्याकडे पुढचा लॉट लांबत गेला. मी गेलो तेव्हा त्या बाई टेबलावर मागच्या लॉटचा हिशेबाचा कागद आणि बँकेचं पत्र शेजारी शेजारी ठेवून बसल्या होत्या. बाहेर शेड झाडून तयार, भुसा पसरलेला, पण पिल्लांचा पत्ता नाही. रस्त्यापलीकडच्या मकेवाल्याच्या खात्यात तोवर बुशेलप्रमाणे (धान्य मोजायचं इथलं माप) मदत जमा झाली होती. त्याला मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. भाव तेव्हा खरंच पडले होते. पण शेवटी तोच मका या कोंबड्यांच्या पोटात जातो, आणि त्या पाळणाऱ्यांना मात्र दमडी नाही.

पक्षी तुमचे नाहीत, म्हणजे भावाची जोखीमही तुमची नाही, असं त्यावर सांगितलं जायचं. कागदावर बरोबर आहे. पण लॉट आलाच नाही तर हप्ता कोण भरणार? शेतकऱ्यासाठी रिकामी शेड हीच सर्वांत मोठी जोखीम. ती त्या नियमांत कुठेच बसत नव्हती. उलट मदत मालाच्या प्रमाणात असल्याने ज्याचा व्याप मोठा त्याला जास्त. पहिल्या टप्प्यात माणशी मर्यादा अडीच लाख डॉलर होती, आणि तीन भागीदार शेतीत राबत असतील तर त्यांच्या शेती करणाऱ्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत.

डिसेंबर 2020 च्या कायद्याने अखेर करारावरच्या शेतकऱ्यांना नुकसानीच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाईची सोय केली. अर्जाची शेवटची तारीख होती 12 ऑक्टोबर 2021. म्हणजे शेड रिकाम्या पडून दीड वर्ष होत आलं होतं. बँक तेवढं थांबते का?

आपल्याकडे भारतातही 2020 च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो ही अफवा पसरली आणि कोंबड्या मातीमोल भावाने गेल्या. पीएम किसानचे 2,000 रुपये एप्रिलमध्ये आले, पण ते जमिनीच्या नोंदीवर. शेड रिकामी आहे की भरलेली, याच्याशी त्या पैशांचा संबंध नव्हता.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक लॉटचा हिशेब कंपनी शेतकऱ्याला कागदावर देतेच. लॉट कधी आला, कधी गेला, किती पैसे झाले, सगळं त्यात असतं. पुढच्या संकटात पहिल्याच अधिसूचनेत करारावरच्या शेतकऱ्याचं नाव हवं, आणि काउंटीच्या कृषी कार्यालयाने हाच कागद पुरावा म्हणून घ्यावा.