दहापट भरपाईच्या मेसेजची उलटतपासणी

जळगाव-भुसावळकडे हायवेवर मोठा अपघात झाला की गावोगावच्या ग्रुपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. 'अपघातात माणूस गेला आणि त्याने मागची तीन वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं असेल, तर सरासरी उत्पन्नाच्या दहापट रक्कम सरकारला द्यावीच लागते. मोटार वाहन कायदा, कलम 166, सुप्रीम कोर्टाचा निकाल. लोकांना माहीत नाही म्हणून कोणी मागत नाही.' यातलं कलम तेवढं खरं आहे.

पहिलं, सरकार देतं हे. कलम 166 खालचा दावा ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर लागतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मात्र सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. तिथे उत्पन्न कोणी विचारत नाही.

आता 'दहापट'. हा आकडा कुठून आला देव जाणे. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा) ठरवून दिले: 15 ते 25 वयाला 18, मग उतरत उतरत 65 च्या पुढे 5. 2017 च्या प्रणय सेठी निकालाने पुढे वाढू शकणारं उत्पन्नही धरायला लावलं. हिशेबच करून बघा. सावद्याहून केळी भरून गाडी नेणारा 32 वर्षांचा ड्रायव्हर, महिना 15 हजार. वर्षाचे 1,80,000. स्वतःचा धंदा किंवा ठरलेला पगार असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला त्यावर 40 टक्के वाढ, म्हणजे 2,52,000. घरी बायको, दोन पोरं आणि आई असे चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले 1,89,000. गुणक 16. झाले 30,24,000, शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरीव रक्कम वेगळी. मेसेजच्या हिशेबाने 18 लाख! म्हणजे ज्या घराला जास्त मिळायला हवं त्यालाच हा मेसेज बारा लाखांनी कमी सांगतो. तेवढाच कमावणारा माणूस 58 चा असेल आणि मागे दोघंच अवलंबून असतील, तर वाढ 10 टक्के, खर्च एक तृतीयांश वजा, गुणक 9. येतात 11,88,000.

रिटर्न नाही तर दावा नाही, असा अर्थही लोक यातून काढतात, आणि आपल्याकडे तो सगळ्यात जास्त नडतो. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे कापूस-केळीवाल्या कित्येक घरांनी रिटर्न पाहिलेलंच नसतं. रिटर्न हा चांगला पुरावा, एकमेव नव्हे. बँक पासबुक, बाजार समितीच्या पावत्या, व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या, मालकाची साक्ष, सगळं चालतं. मजुराचा काहीच कागद नसेल तर कोर्ट अंदाजाने उत्पन्न धरतं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल धरतात. (माणूस गेल्यावर घाईने भरलेल्या रिटर्नकडे मात्र कोर्ट संशयानेच बघतं.)

शेतकऱ्याच्या दाव्यात एक मेख आहे. सातबाऱ्यावर दहा एकर केळी दिसते म्हणून सगळं उत्पन्न बुडालं असं धरत नाहीत. जमीन वारसांकडे राहतेच. गेली ती त्याची मेहनत आणि देखरेख, तेवढंच मोजतात. म्हणून नुसता सातबारा जोडून भागत नाही. पाणी कोण देत होतं, मजूर कोण लावत होतं, माल कोण विकत होतं आणि तो गेल्यावर शेत बटाईने द्यावं लागलं का, हे साक्षीत यायला हवं.

मेसेज चूक कोणाची हे विचारतच नाही. स्वतःच्याच भरधाव गाडीने झाडावर आदळून गेलेल्याच्या वारसांना या कलमाखाली भरपाई नाही, हे 2025 मध्येही सुप्रीम कोर्टाने सांगितलं. तिथे पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल, तर तोच उपयोगी. दोघांची चूक असेल तर रक्कम त्या प्रमाणात कापतात. पण ट्रिपल सीट होते म्हणून आपोआप कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा मार वाढला हे विमा कंपनीने दाखवावं लागतं, असा 2020 चा निकाल आहे.

खरं नुकसान वेळेचं होतं. दहापटीच्या आशेने लोक कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात आणि इकडे 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेली, दावा लावायची सहा महिन्यांची मुदत पळत असते. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, समोरच्या गाडीच्या पॉलिसीची प्रत हे कागद आधी हातात घ्या. आणि अपघात बिजासन घाटात किंवा सुरतेला झाला तरी दावा स्वतःच्या जिल्ह्यात लावता येतो. धुळ्याच्या माणसाने सेंधव्याला तारखा करायची गरज नाही.