नंबर विचारू नये

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९१ साली निघाला. त्यात प्रत्येकाचं नाव, जन्मसाल, शिक्षण, हुद्दा, पत्ता आणि फोन नंबर आहे. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता, नंबर सहा आकडी. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यापुढे शेजाऱ्यांचा नंबर देऊन 'पी. पी.' असं लिहिलेलं. शेजाऱ्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. शेजाऱ्यांनाही नाही.

नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा संपादक म्हणून सर्वानुमते माझी निवड झाली, म्हणजे त्या बैठकीला मी गेलो नव्हतो. एकूण ४१२ माणसं, शिवाय वंशवृक्षाचे घडीचे तक्ते. जुना डीटीपीवाला अप्पा बळवंत चौकाजवळ बसायचा. त्याच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा भाचीनं एका संकेतस्थळावर मला खातं उघडून दिलं. "इथे जगभरातले फ्रीलान्सर मिळतात, मामा." मला जगभरातला नको होता, जोडाक्षरं न मोडणारा हवा होता. मिळाली. मराठी मुलगी, नमुन्याच्या पानात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. पण पडद्यावर तिचं फक्त नाव, आणि आडनावाच्या जागी 'के.'

आता 'के' वर पुणेकरानं काय करायचं? केळकर, कुलकर्णी, काळे, कांबळे, इंग्रजीतून आल्या तर खरेसुद्धा. आडनाव कळलं की गाव विचारता येतं, गाव कळलं की कुणाची तरी आतेसासू निघते, आणि आतेसासू निघाली की दर कमी करायला सांगता येतं. सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटली.

म्हटलं, फोनवर बोलू. मी नंबर लिहून पाठवला. पाठवल्यावर बघतो तर नंबराच्या जागी नुसत्या फुल्या, खाली तंबी: करार होण्याआधी संपर्काचा तपशील देणं नियमात बसत नाही. यामागचं अर्थशास्त्र कळायला मला अर्धा मिनिट लागलं, कारण मुलीच्या लग्नाच्या वेळी वधूवर सूचक केंद्रांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. स्थळाची उंची, पगार, पत्रिका, चष्मा सगळं दाखवतात. पत्ता मात्र शुल्क भरल्यावर. दोन्ही पक्ष परस्पर भेटले तर मधल्याच्या दलालीचं काय?

राग आला तो वेगळ्या कारणानं. माझा नंबर या शहरात कोणाकडे नाही? भाचीच्या सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत तो आहे, आणि माझ्यानंतर सही करणारा आंबेवाला तो वाचतो. दुकानात दोन बनियन घेतले तरी गल्ल्यावरचा मुलगा आधी नंबर विचारतो. बिलासाठी नंबराची सक्ती करू नका असं ग्राहक व्यवहार मंत्रालयानं २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलं, ते मी त्याला ऐकवलं, तो म्हणाला, "बरोबर आहे काका, पण मशीन पुढे जात नाही." कर्ज घ्या म्हणणाऱ्या बायका मला नावानिशी ओळखतात. या विश्वात माझा नंबर गुप्त होता तो एकाच व्यक्तीपासून, जिला तो द्यायची माझी मनापासून इच्छा होती.

मग देवनागरी आकड्यांत टाकला. फुल्या. मध्ये स्वल्पविराम पेरले. फुल्या आणि दुसरी तंबी. शेवटी दोन-दोन आकड्यांचे गट करून अक्षरी लिहिला आणि तो निसटला! यंत्राला 'एकोणऐंशी' कळलं नव्हतं. पण ते त्या मुलीलाही कळलं नव्हतं. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची सोय केली, तेव्हा 'मराठी बुडाली' म्हणून तावातावानं बोलणाऱ्यांत मी होतो. त्या दिवशी 'सत्तर नऊ' लिहिलं असतं तर काम झालं असतं. तिनं बिचारीनं खात्री करून घ्यावी म्हणून अख्खा नंबर आकड्यांत मांडला, "असाच ना काका? एकोणऐंशी म्हणजे ८९ ना?" आणि तंबी तिला मिळाली.

"काका," तिचा पुढचा निरोप, "माझं खातं बंद झालं तर तीन वर्षांचं रेटिंग जाईल. आधी करार करू या ना."

मी ओशाळून करार केला. आता नंबर द्यायला हरकत नव्हती, तर तिलाच नको होता. इथे लिहिलं की लेखी राहतं म्हणाली. मी फाइल चढवली. दहा मिनिटांत प्रश्न आला: "यात एवढ्या लोकांचे नंबर आणि पत्ते आहेत. त्यांना विचारलंय ना? मांडणीला मला खरे आकडे लागत नाहीत. तो रकाना काढून पाठवा, मी तिथे शून्यं टाकते."

मी तक्रार घेऊन थोरल्या काकांकडे गेलो. ते निवृत्त वकील. म्हणाले, मुलगी बरोबर बोलते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठात एकमतानं सांगितलं आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सगळा रोख संमतीवर आहे. नऊ जणांचं एकमत! आमच्या कुलमंडळात पाच जणांचं अल्पोपाहारावर होत नाही.

तेव्हा संमती. हयात आणि फोनवाले २३७ निघाले. नागपूरची चुलत आत्या म्हणाली, नंबर खुशाल छाप, जन्मसाल नको. एका चुलतभावाला नंबर नको होता, पण पदव्या पूर्ण हव्या होत्या, त्यातली एक मला आजच कळली. अमेरिकेतल्या पुतण्यानं दोन पानी ईमेल पाठवून फक्त नावाला संमती दिली. कोथरूडच्या वहिनींचं म्हणणं, "माझा छापू नका, पण धाकट्या जाऊबाईंचा मला पाठवून ठेवा." तीन जणांनी मी कोण ते विचारलं आणि फोन ठेवला. हे फसवणुकीचं नवं तंत्र आहे असा संदेश त्याच संध्याकाळी घराण्याच्या ग्रुपवर फिरला.

शेवटी कोणाचाच नंबर छापायचा नाही असं ठरलं. मुखपृष्ठामागे एकच ओळ: 'संपर्कासाठी संपादकांना फोन करावा.' आणि माझा नंबर. त्याला संमती कोणी विचारली नाही. अक्षरजुळणीच्या ओळीत तिनं स्वतःचं नाव तेवढं ठेवलं. आडनाव घालू का म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "कशाला काका?"

आता दिवसभर फोन वाजतो. चिंचवडच्यांचा मुलगा लग्नाचा आहे का, सांगलीकरांना श्राद्धाची तिथी कळवा, अमक्याला तमक्याकडे फोन करायला सांगा. काल थोरले काकाच होते. नवा मोबाइल घेतला आणि सगळे नंबर उडाले.

"नागपूरकर आत्येचा नंबर दे रे."

"देता येत नाही, काका. निरोप असेल तर सांगा, पोचवतो."

"मग सांग तिला," काका म्हणाले, "छापलं नाही तरी मला माहीत आहे. १९४४."

मी अजून पोचवलेला नाही.