गुणगुणता न येणाऱ्या गाण्यांचे वय

गेल्या डिसेंबरात मी तीन आठवडे साताऱ्याला होतो. एका रात्री जेवणे आटोपून अंगणात बसलो असता माझा भाचा म्हणाला, "मामा, तुमचे ते जुने रॅपचे अल्बम आता ऐकवत नाहीत. आवाजच कोरडा लागतो." दाजींनी लगेच पोराची बाजू घेतली, पण कारण निराळे दिले. "तीस वर्षांनी जे गुणगुणता येत नाही, ते टिकलं असं कसं म्हणायचं, सांग बरं. बाबूजींचं गाणं अजून ओठांवर येतं की नाही?" एरवी या बापलेकांचे कशावरही एकमत होत नाही. पाहुण्याने वाद घालू नये म्हणून मी गप्प बसलो, आणि सख्ख्या बहिणीच्या अंगणात आपण स्वतःला पाहुणा समजलो, हे मला परतीच्या विमानात उमगले. तेव्हापासून दाजींचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

बोलणे चालले होते ते न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्या 'इल्मॅटिक' या अल्बमविषयी. 19 एप्रिल 1994 रोजी तो बाजारात आला तेव्हा नासचे वय वीस वर्षांचे होते. सारा मिळून चाळीस मिनिटांहून किंचित कमी, दहा तुकडे, आणि त्यांत पाहुणा रॅपर एकच, एझी. त्यातले जग म्हणजे क्वीन्सब्रिज, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली, 1939 साली सरकारने बांधलेली, सहा मजली इमारतींची आणि तीन हजारांहून अधिक घरांची वसाहत. मी गेली अनेक वर्षे क्वीन्समध्येच राहतो. भुयारी गाडी एकविसाव्या रस्त्याला थांबली आणि वर आले की पूल, व्हर्नन बुलेव्हार्ड हा रस्ता आणि वीजकेंद्राची लाल-पांढरी धुराडी दिसतात. ज्या ठिकाणाची ही गाणी आहेत ते ठिकाण एकदाही न पाहता, ती चाळीस मिनिटे एका बैठकीत न ऐकता, साताऱ्याच्या अंगणात त्यांचा निकाल लागतो, याचा मला राग आला आणि तो मी लपवत नाही.

भाच्याला जो आवाज कोरडा लागतो, त्याला कारण आहे. त्या काळी जुन्या तबकड्यांतले आवाज उचलून रॅपला संगीत देणारे पीट रॉकसारखे संगीतकार एसपी-1200 नावाच्या यंत्रावर काम करीत. 1987 साली निघालेल्या या यंत्रात जुन्या तबकडीवरचा आवाज बारा बिटांत, म्हणजे काहीशा ढोबळपणे, साठवला जाई आणि एकूण साठवण जेमतेम दहा सेकंदांची असे. म्हणून हे लोक तबकडी वाढीव वेगाने वाजवून आवाज भरून घेत आणि यंत्रात पुन्हा संथ करीत. त्या खटाटोपात आवाजाला एक खरखर येई. दहा सेकंदांत काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणाऱ्याचा कान तीक्ष्णच असावा लागतो. 'द वर्ल्ड इज युअर्स' या तुकड्यात पीट रॉकने जाझ पियानोवादक अहमद जमाल यांच्या 1970 सालच्या मुद्रणातले पियानोचे चारदोन स्वर उचलले आणि ते फिरत ठेवले. दाजींनी तो पियानो एकदा ऐकावा आणि मग गुणगुणता येत नाही असे म्हणावे.

तरीही हे उत्तर खरे नव्हे, कारण दाजींची कसोटीच मला मान्य नाही. ते स्वतः शाहिरीचे अभिमानी आहेत. अफजलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकला, तो कुणी न्हाणीघरात गुणगुणला म्हणून नव्हे. पोवाडा कुणी गुणगुणत नाही; तो म्हणतात, पाठ करतात, खड्या आवाजात लोकांपुढे उभा करतात. कोण कुठे उभा होता, काय बोलला, हातात काय होते, हे नेमके सांगितलेले असते, आणि त्या नेमकेपणामुळेच तो पाठ होतो. 'इल्मॅटिक' टिकला तोही असाच. प्रयोगशाळेत माझ्यासोबत रात्रपाळी करणारा एक सहकारी याच भागात वाढलेला होता. पहाटे तीन वाजता नमुने यंत्रात फिरत असताना तो यातला एखादा तुकडा अखंड म्हणे, एकही अक्षर न चुकता, आणि मधेच थांबून, हे बाक कुठे आहे, ती गल्ली आता कुठून बंद केली आहे, हे मला सांगे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने, 2021 मध्ये हा अल्बम जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला, ते योग्यच झाले. पण माझ्या लेखी त्या सहकाऱ्याची साक्ष त्याहून मोठी आहे.

जे ऐकायलाच मिळत नाही ते टिकले की नाही, हे ठरवणार तरी कसे? डी ला सोल या तिघांच्या रॅप गटाचा 1989 चा पहिला अल्बम इतक्या जुन्या गाण्यांच्या तुकड्यांतून विणलेला होता की हक्कांचे गुंते सुटेपर्यंत मार्च 2023 उजाडला, आणि तोवर तो कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर अधिकृतपणे नव्हता. भाच्याच्या पिढीला तो जुना वाटला असता की नवा, हे कळायला वावच नव्हता.

त्या काळातले सगळेच टिकले, असे मी म्हणणार नाही. सीडीवर जागा आहे म्हणून सत्तर-पंचाहत्तर मिनिटांचे भरताड केलेले, मधेमधे लांबलचक नाटुकल्या घातलेले अल्बम मलाही आता सोसत नाहीत. बायकांविषयी त्यांत जे बोलले जाते ते तेव्हाही वाईट होते; मला मात्र घरात मुलगी आल्यावर ते खऱ्या अर्थाने ऐकू आले, ही माझी उशिराची कबुली आहे. 'इल्मॅटिक'ही त्यातून सुटत नाही. आणि त्यात काळ्या लोकांसाठीचा एक अपमानकारक शब्द असा आहे, जो माझ्या सहकाऱ्याने म्हणावा आणि मी म्हणू नये. मला दहापैकी सहा तुकडे पाठ आहेत, पण त्या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. ज्या गाण्यांसाठी मी साताऱ्यात रागावलो, ती मी क्वीन्समध्ये चारचौघांत पुरती म्हणू शकत नाही. बाबूजींची गाणी पुरती म्हणू शकतो, पण इथे ती ऐकणारे कुणी शेजारी नाही.

हा अल्बम माझा झाला तो 'वन लव्ह' या तुकड्यामुळे. तुरुंगात असलेल्या मित्रांना बाहेरच्याने लिहिलेली ती पत्रे आहेत. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखाच दिसतो म्हणतात, अमका असे वागला, तमक्याचे असे झाले, अशा वस्तीतल्या बातम्या त्यांत आहेत. मी 1997 साली इथे आलो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्या सहकाऱ्याने मला हे ऐकवले. तेव्हा आईची निळी आंतरराष्ट्रीय पत्रे महिन्याला दोन येत. विहिरीला पाणी किती आहे, कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, आणि शेवटी, तू जेवतोस ना. तो तुकडा पहिल्यांदा ऐकताना मी स्वतःला पत्र लिहिणाऱ्याच्या जागी पाहिले नाही, ज्याला पत्र येते त्याच्या जागी पाहिले. मला कुणी डांबून ठेवलेले नव्हते, मी हौसेने आलो होतो, आणि तरीही ती जागा माझी वाटली. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

मागच्या रविवारी दाजींना फोन करून मी या एका तुकड्याचा अर्थ मराठीत सांगितला. गुणगुणण्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मग तो आतला उत्तर पाठवायचा का रे?" मी म्हणालो, हो, दुसऱ्या पत्रात त्याने मागे लिहिलेल्या पत्राचा उल्लेख येतो, म्हणजे पाठवत असणार. त्यावर दाजी म्हणाले, "सासूबाईंची ट्रंक माळ्यावर आहे. तुझी पत्रं असतील तिच्यात, काढून ठेवतो." त्या वर्षांत मी आईला कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड घेऊन फोन करायचो, पत्रे मी तिला चार किंवा पाच लिहिली असतील. मी दाजींना बरे म्हणालो आणि फोन ठेवला.