अमेरिकेत बघा म्हणे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावच्या बायपासवरून जुंपली आहे. पुण्याचा भाचा म्हणतो, "चार टपऱ्यांसाठी सगळ्या कोकणाने ट्रॅफिकमध्ये सडायचं का? अमेरिकेत बघा." माणगावात आंबापोळी, कोकम सरबत विकणारा माझा चुलतभाऊ त्यावर गप्प आहे. अमेरिका बघायला मी इथे आहेच, म्हणून सांगतो.

कॅलिफोर्नियात बारस्टोच्या पुढे आय-40 हा मोठा महामार्ग सोडून जुना रूट 66 धरता येतो. 1926 चा रस्ता, शिकागो ते सँटा मोनिका. (मुंबई-गोवा महामार्गाचा नंबरही 2010 पासून 66च!) मोजावेच्या वाळवंटात लडलो लागतं, मग अंबॉय, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, रेल्वेने इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावं देऊन टाकलेली ठाणी. 1973 मध्ये आय-40 उत्तरेला डोंगरापलीकडून गेला आणि अंबॉयचं गिऱ्हाईक आटलं. आता तिथे रॉइज या मोटेल-पेट्रोलपंपाची 1959 ची उंच पाटी आहे, पेट्रोल मिळतं, मोटेलच्या खोल्या बंद, शाळा बंद. 2005 मध्ये ते अख्खं गाव 4 लाख 25 हजार डॉलरला विकलं गेलं. लॉस एंजेलिसजवळच्या अर्व्हाइनमध्ये आज तेवढ्यात धड फ्लॅट येत नाही. पुढचे जुने लाकडी पूल पुरात गेले, म्हणून रस्त्याचेही तुकडे झालेत. मालगाड्या तेवढ्या शेजारून जातात, न थांबता.

हे ग्रुपवर टाकलं, तर भाच्याने लगेच गूगल करून ॲरिझोनाचं सेलिगमन काढलं, रूट 66 वरचंच. काढणारच. 22 सप्टेंबर 1978 ला तिथली वाहतूक आय-40 वर गेली, गाव ओस पडलं. मग एंजल डेल्गाडिओ या तिथल्या न्हाव्याने 1987 मध्ये चार लोक जमवून संघटना काढली, सरकारच्या मागे लागून रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. आज बसगाड्या भरून जर्मन नि जपानी उतरतात. पण आय-40 सेलिगमनला चिकटून जातो, गावाच्या दोन्ही टोकांना एक्झिट आहे! अंबॉयला न्हावी असता तरी काय करणार होता?

म्हणजे भांडायचं तर बायपासवरून गावात उतरायला रस्ता कुठे देणार, एसटी गावातून जाणार की वरच्यावर, यावर भांडा. ग्रुपवर यातलं अवाक्षर नाही. 2011 मध्ये सुरू झालेलं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, तेवढ्यात हे तरी ठरवता आलं असतं.

"मामा, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं," असं आलंच शेवटी.

काही जात नाही, खरं आहे. मी स्वतः एरवी आय-40 नेच जातो. जुना रस्ता भारतातून पाहुणे आले की दाखवायचा. आणि पहाटे मुंबईला उतरलो की महाडच्या पुढे आमच्या घरी कधी पोचतो असं होतं. माणगावच्या गर्दीत काचा वर करून मीच शिव्या घालतो. भावाचं दुकान डावीकडे दिसतं. आधी कळवत नाही, कळवलं तर थांबावं लागेल. सेलिगमनला मात्र थांबतो, टी-शर्ट घेतो, त्या न्हाव्याच्या दुकानात फोटो काढतो.

बायपास झाला की तुला बरं पडेल, असं भावानेच मागे एकदा मला वेगळं लिहिलं होतं. टोमणा होता की काळजी, मला कळलं नाही. पूर्वी कळलं असतं.