सवलत वड्यात नाही, पगारपत्रकात आहे

दादा, सरकारी कॅन्टीनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बाबूंना पगार आहे, महागाई भत्ता आहे, वर आमच्या करातून स्वस्त वडा कशाला? संसदेने सवलत बंद केली तशी मंत्रालयातही करा आणि ते पैसे शिवभोजनाला द्या. मी सवलत राहू द्या असं लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणतो.

आधी संसदेचं बघू. तिथली कॅन्टीनं 1968पासून उत्तर रेल्वेकडे होती. 2015 साली माहिती अधिकारातून सवलतीचे आकडे बाहेर आले, बोभाटा झाला आणि 1 जानेवारी 2016पासून दर वाढले. 18 रुपयांची शाकाहारी थाळी 30ची झाली. यापुढे ‘ना नफा ना तोटा’, असंही तेव्हा जाहीर झालं. मग 2021मध्ये कारभार आयटीडीसीकडे, म्हणजे केंद्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे गेला, थाळी 100 रुपयांवर पोचली आणि सवलत बंद झाल्याची घोषणा झाली. अहो, तोटा पाच वर्षांपूर्वीच संपला होता ना? मग बंद काय केलं?

गोम हिशेबात आहे. सरकारी कॅन्टीनच्या ‘ना नफा ना तोटा’त बटाटे, तेल, बेसन धरतात. जागेचं भाडं आणि आचारी-वाढप्यांचे पगार दरपत्रकाच्या बाहेरच राहतात. केंद्राच्या कचेऱ्यांमधले कॅन्टीन कामगार तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 1 ऑक्टोबर 1991पासून सरकारी नोकरच ठरले. म्हणजे खर्चाचा मोठा भाग तुमच्या त्या वड्याच्या दरात धरलेलाच नाही.

मंत्रालयाच्या कॅन्टीनमधली वाढप्यांची भरती आठवते? 2019च्या सुरुवातीला बातमी आली होती. जागा 13, पात्रता चौथी पास, 100 गुणांची लेखी परीक्षा, आणि अर्ज 7000च्या आसपास. निवडलेल्यांपैकी 12 जण पदवीधर. पदवी घेऊन उसळीच्या ताटल्या उचलायला ही मुलं का आली, तर नोकरी कायम होती म्हणून. सवलत बंद करा म्हणजे नेमकं काय करा, तर ही नोकरी कंत्राटदाराच्या हवाली करा. तसं असेल तर तसं उघड म्हणा, त्यावर वाद घालू.

आता खातं कोण? साहेबांचा चहा केबिनमध्ये जातो, आणि जेवायला बाहेर जाणं त्यांना जड नाही. कुपनाच्या रांगेत उभे असतात ते शिपाई, बदलापूर-विरारहून पहाटे निघालेल्या आणि डबा करायला वेळ न मिळालेल्या लिपिक बाई, कंत्राटावरचा ऑपरेटर. आणि सुटे पैसे मुठीत धरून दरफलक दोनदा वाचणारा, फाइलचं काय झालं ते विचारायला गावाहून आलेला माणूस. नरिमन पॉइंटच्या हॉटेलात त्याने काय खावं?

खासगी कंपन्यांत असले लाड नसतात, हे मात्र तुम्ही उगाच लिहिलंत. कंपनीने दिलेल्या जेवणावर आयकरात सूट असते. कित्येक वर्षं ती एका जेवणामागे 50 रुपये होती. तोही सरकारी तिजोरीचाच पैसा, फक्त दिसत नाही. आणि 250पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीन ठेवायला लावणारी तरतूद 1948च्या कारखाने कायद्यातच होती.

राहिलं शिवभोजन. हे उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. 2020मध्ये ही योजना आली तेव्हा शहरात थाळीची किंमत 50 रुपये धरली : 10 खाणाऱ्याचे, 40 सरकारचे. ग्रामीण भागात 35, त्यातले 25 सरकारचे. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, आणि सरकारचा वाटा किती ते शासन निर्णयातच लिहिलेलं. कॅन्टीनच्या दरफलकावरही तेच लिहा ना : वड्याला खरा खर्च इतका, तुमच्याकडून इतके, सरकारकडून इतके, पगार आणि भाडं धरून. तो आकडा बघूनही तुम्हाला सवलत नको वाटली, तर पुन्हा लिहा. तोवर कंत्राटावरच्या सफाई कामगारालाही त्याच दरात कुपन मिळतं का, हे मी विचारत राहणार आहे.