म्हणे, बिल असलं की गोव्याची बाटली कुठेही न्या!

'गोव्याहून येताना माणशी दोन बाटल्या आणता येतात. दुकानाचं पक्कं बिल जवळ ठेवा. जीएसटी भरलेला माल देशभर चालतो, पोलिस हात लावू शकत नाहीत. विमानात तर पाच लिटर चालते. जमत नसेल तर कुरिअर करा.' हा मेसेज आमच्या दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि मित्राची गाडी घेऊन पणजीत असलेल्या भाच्याचा लगेच फोन, "मावशी, मामाने पाठवलंय, मग घेऊ ना?"

अरे, कसला जीएसटी? पिण्याच्या दारूवर जीएसटी नाहीच. राज्यघटनेत या कराची व्याख्या करतानाच मानवी सेवनासाठीचं मद्य वगळलंय. गोव्याच्या बिलात असतो तो गोव्याचा कर, आणि तो कमी असतो म्हणून तर बाटली स्वस्त मिळते. महाराष्ट्राच्या तिजोरीत त्यातला छदामही येत नाही. पोलिसांपुढे ते बिल नाचवणं म्हणजे 'तुमचा कर बुडवला' असं स्वतःच लिहून देणं.

मुळात हा विषय राज्यांचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची ८वी नोंद काढून बघा: दारूची निर्मिती, ताबा, वाहतूक, खरेदी, विक्री, सगळं राज्याच्या हाती. त्यामुळे गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्यात शिरलात की लागू होतो महाराष्ट्राचा १९४९चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय परराज्यातली दारू आणणं हा त्यात गुन्हा आहे. हाच कायदा १९६०च्या विभाजनानंतर गुजरातनेही चालू ठेवला. बिलाने काम भागत असतं तर गुजरातला खेटून असलेल्या, पण दारू खुली असलेल्या दमणच्या दुकानांनी गुजरातची दारूबंदी कधीच गुंडाळली असती.

आणि मेसेजात जे सोयीस्करपणे गाळलंय ते गाडीचं. दारू वाहून नेणारं वाहनही या कायद्याने जप्त होऊ शकतं. सिंधुदुर्गातल्या बातम्या वाचा, 'गोवा बनावटीच्या दारूसह मुद्देमाल जप्त'. त्या मुद्देमालात बऱ्याचदा बाटल्यांपेक्षा गाडीचीच किंमत मोठी असते. दोन बाटल्यांवर वाचणार काहीशे रुपये, आणि अडकणार मित्राची गाडी. त्याला काय सांगणार, मामाचा मेसेज होता?

माल गोव्याबाहेर न्यायचा परवाना तिथे मिळतो, हे मान्य. पण तो बाहेर न्यायचा, इथे आणायचा नव्हे. महाराष्ट्राचा आजीवन परवानाही पिण्याचा असतो, परराज्यातून माल आणण्याचा नसतो. विमानातल्या पाच लिटरचंही तेच. आकडा बरोबर आहे, २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेल्या सीलबंद बाटल्यांसाठी, पण तो उड्डाणाच्या सुरक्षेचा नियम. विमान उतरतं त्या राज्याचा अबकारी कायदा काही त्याने रद्द होत नाही.

राहिलं कुरिअर. पार्सलच्या फॉर्मवर 'आत काय आहे' या रकान्यात काय लिहायचं, तेवढं दादाने सांगावं. 'काजू'?