काका, जिरूच्या वतीनं थोडंसं

नमस्कार काका. ‘सत्तरी ओलांडलेला एक इंदूरकर’ अशी सही केलीत, म्हणून हक्कानं काका म्हणते.

माझ्या जिरू कुत्रीला घेऊन इंदूरबाहेर भटकण्यावरच्या माझ्या लेखाचे तुम्ही चांगलेच कान उपटलेत. चोरलच्या बाजूला बिबटे असताना तिथं कुत्रं नेणं हा शुद्ध वेडेपणा. यशवंतसागरच्या काठावर ते मोकळं सोडा म्हणणं त्याहून वाईट. आणि चहाच्या टपरीवर कुत्र्याला शेजारी बसवणं हे पुण्या-मुंबईचं खूळ, ते माळव्यात आणू नका. पहिल्या दोन गोष्टी निमूट मान्य. तिसरीवर मात्र भांडणार आहे.

यशवंतसागरचं आधी उरकते. तो तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे आणि मध्य भारतातल्या सारसांचं ते हक्काचं ठिकाण. सारस घरटं झाडावर बांधत नाही, उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून त्यावर अंडी घालतो. तिथं मोकळं कुत्रं काय गोंधळ घालेल हे मला सुचायला हवं होतं. तो परिच्छेद काढून टाकला. राळामंडळबद्दल दोघेतिघे विचारत होते, त्यांनाही इथंच सांगते: ते अभयारण्य आहे, कुत्रं घरी ठेवा. प्रश्न नुसत्या भुंकण्याचा नसतो. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग रानातल्या जनावरांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये तो सापडला होता.

आता बिबट्या. इथं मला थोडी लाज वाटते, कारण मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये भेरूघाट उतरून सागाच्या झाडीतल्या एका कच्च्या वाटेनं मी आणि जिरू चाललो होतो. साडेपाच वाजले असतील. जिरू एकदम थांबली. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे, शेपूट पोटाखाली, आणि तोंडातून आवाज नाही. एरवी ही बाई स्कूटरवरही भुंकते. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी येत होती. तिनं जिरूकडे बघितलं आणि म्हणाली, “इसको लेकर निकल लो, अंधेरे के पहले.” मला काहीच दिसलं नाही, म्हणून लेखात त्याचा उल्लेखही केला नाही, उलट ‘संध्याकाळी मस्त गार असतं’ असं लिहून मोकळी झाले. बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार नाही, आणि माणूस बरोबर आहे म्हणून तो बिचकेलच असं नाही. ती वाटही आता लेखात नाही. त्याऐवजी सांवेरकडच्या शेतवाटा घातल्या आहेत, त्याही ऊन वर आल्यावरच्या. सोयाबीन निघाल्यापासून गहू उभा असेपर्यंत तिकडे छान चालता येतं. गहू कापला की नरवाई, म्हणजे मागं उरलेली खुंटं, पायांना टोचते, आणि कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात. घरी आल्यावर पंजा उघडून एकेक काढत बसावं लागतं.

पण शहरी खूळ? काका, दरवर्षी मारवाडातले रेबारी मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन माळव्यात उतरतात, त्यांच्या मागोमाग कुत्री नसतात का? रस्त्याकडेला त्यांचा चहा शिजतो तेव्हा ती तिथंच पसरलेली असतात. आणि होळकरांचं कुलदैवत खंडोबा. त्याच्या पायाशी कोण असतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं! कुत्र्याबरोबर चालणं आपल्याकडे कुणी कॅफेवाल्यानं आणलेलं नाही.

खूळ कशाला म्हणायचं ते मला टपरीवरच कळलं. सिमरोलच्या अलीकडे एका ठिकाणी मी जिरूला प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलं आणि पोहे घ्यायला उठले. तिला शेळी दिसली. जिरू पुढे, खुर्ची मागे खडखडत, आणि मागून खुर्ची धावून येते आहे म्हणून जिरू आणखी जोरात. दोन चहाचे ग्लास फुटले, एक आजोबा खाटेवरून उठून उभे राहिले. टपरीवाला काही बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ग्लासांचे पैसे दिले. तेव्हापासून आधी एकटी जाऊन विचारते, “कुत्ता है साथ में, उधर बांध दूं?” उधर म्हणजे झाडाला, माणसं बसतात तिथून लांब. नाही म्हणाले तर चहा गाडीपाशी पिते. बाहेर ‘कुत्री चालतील’ अशी पाटी आहे की नाही, यावरून काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या नजरेतूनही सुटली, आणि ती जास्त धोक्याची होती. लेखातल्या फोटोत जिरू माझ्या प्लेटकडे बघते आहे, आणि खाली ‘अर्धे पोहे तिचे’ असं मी गमतीनं लिहिलं होतं. इंदुरी पोह्यांवर कच्चा कांदा असतो, आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, शिजवलेलाही. शेव आणि जीरावणाचं मीठ-मसाला वेगळंच. ती ओळ आजच काढली.

तुम्ही भंवरकुव्याकडे राहता असं लिहिलंत, म्हणजे खंडवा रोड तुम्हाला घरचाच. रविवारी आठच्या सुमाराला मी सिमरोलच्या अलीकडच्या त्याच टपरीवर असते. जिरू मागच्या निंबाला बांधलेली असेल. पोहे माझ्याकडून, कांदा हवा तेवढा घ्या. तिची पोळी मी घरून आणते.